केळीचा चीक आणि भिकन पंच

आमच्या गावात कोणी अवचित मेलं की पोलिसांना दोन माणसं लागत. एक मेलेला, तो आयताच असायचा. दुसरा भिकन पंच.

गाव पाचोरा-जामनेर रस्त्यावरचं. पोलिसांचं दूरक्षेत्र म्हणजे दोन खोल्या आणि एक हवालदार. त्याच्या बरोब्बर समोर भिकनची पानटपरी, आणि टपरीच्या वरच्या माडीवर आमचं सार्वजनिक वाचनालय, जिथे मी पुस्तकं आणि पेंगणारे सभासद सांभाळत असे. कायद्याला पंचनाम्यासाठी दोन प्रतिष्ठित इसम हवे असतात. पण हवालदार तोताराम टोपी घालून रस्त्यावर आला की गावातले सगळे प्रतिष्ठित इसम मागच्या दाराने शेतावर जात. टपरीला मागचं दार नव्हतं, म्हणून भिकन प्रतिष्ठित झाला. माडीला एकच जिना आणि तो टपरीशेजारी उतरायचा, म्हणून दुसरा प्रतिष्ठित मी.

मला त्या कामाचा वैताग होता. भिकनला मात्र त्याची गोडी लागली. विहिरीत पडलेली बाई असो, जळालेली गंजी असो, नाहीतर पीजेच्या, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेच्या, त्या मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गाडीखाली गेलेला माणूस असो (त्या गाडीखाली सापडायला माणसाला बरीच खटपट करावी लागे), पंच म्हणून भिकन हजर. वीसएक वर्षं हे चाललं. लग्नात तो पुढच्या सतरंजीवर बसू लागला, भावाभावांच्या बांधाच्या भांडणात न बोलावता जाऊ लागला, आणि उधारी मागणाऱ्याला "पंचासमोर बोली राहिना तू" असं सुनावू लागला.

आता खरी गोष्ट. ह्या वीस वर्षांत भिकनने एकही प्रेत पाहिलं नव्हतं.

त्याची एक ठरलेली जागा असे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगला लांब, नाकाला रुमाल, आणि नजर एखाद्या निंबाच्या शेंड्यावर. तोताराम लिहायचा आणि मग मोठ्याने वाचायचा, "पंचांनी समक्ष पाहिलं." निंबाकडे बघत भिकन म्हणायचा, "दखं." मग सही. एकदा जळगावच्या कोर्टात वकिलाने त्याला विचारलं की मयताचा सदरा कोणत्या रंगाचा होता. भिकन म्हणाला, "साहेब, मेलेल्या माणसाचे कपडे न्याहाळणं आपल्यात बरं दिसत नाही." ती केस सुटली. भिकनने मात्र गावात येऊन सांगितलं की वकिलाची बोलती बंद केली. त्याची बायको धुरपदाबाई चुना मळता मळता म्हणायची, "घरमा पाल दखी तरी खाटवर चढतस, नि म्हने पंच."

गावाबाहेर एका ट्रस्टने वृद्धाश्रम काढला होता. आमच्या लोकांना तो शब्द तेव्हा नवा होता. ते त्याला म्हाताऱ्यांचं बोर्डिंग म्हणत. व्यवस्थापक पंडितराव नावाचा एक इस्त्रीतला गृहस्थ होता. त्याला म्हातारे आवडत, पण अंथरुणात, चादर गळ्यापर्यंत ओढलेले. मागच्या आवारात देणगीदारांना दाखवायला केळीची बाग लावली होती. म्हाताऱ्यांनी तिकडे जाऊ नये म्हणून त्या दाराला कायम कुलूप असे. म्हाताऱ्यांचं न्हाणं-धुणं, भरवणं, रात्रीचं उठवणं-बसवणं हे सगळं कुंदाबाई करायची. ती जामनेरकडची, विधवा, गावात एका खोलीत भाड्याने राहायची. ती नोकरी सोडून तिला दुसरा आधार नव्हता.

तिथे चोपड्याकडचे जीवराम आबा होते. जन्मभर केळी लावलेला माणूस. म्हातारपणी डोक्यातलं एकेक पुसत गेलं. आधी नावं गेली, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. मुलाला ते ओळखत नसत. यात आबांच्या आजाराचा भाग किती आणि मुलगा कितीदा भेटायला यायचा याचा किती, हे ठरवणं अवघड आहे. एक केळी तेवढी डोक्यात शिल्लक होती. दुपार झाली की ते उठून विचारत, "कापनारा वनात का? गाडी लागनी का?" कापणारे आले का, माल न्यायला गाडी लागली का, एवढंच.

मुलाचं नाव लीलाधर. तिकडे आपल्या गावच्या केळी सोसायटीचा चेअरमन, पुढे आणखी काही व्हायची इच्छा असलेला. बापाला वृद्धाश्रमात टाकलं हे त्या काळी आमच्या भागात चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. म्हणून लीलाधरने गावाला सांगितलं होतं की आबांना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय, मोठे डॉक्टर आहेत, फरक पडतोय. गावालाही ते ऐकून बरं वाटलं. जास्त विचारलं तर भेटायला जावं लागलं असतं.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात एका दुपारी आबा गेले. झोपेत गेले, असं कुंदाबाईने पंडितरावाला सांगितलं. पंडितरावाने चोपड्याला फोन लावला. संध्याकाळच्या आत लीलाधर जीप घेऊन आला, आणि मागून टेम्पोत भाऊबंद आणि त्याच्या बागेतले कापणीवाले. घाईत त्याच्या एक गोष्ट लक्षात राहिली नाही. फाटकावर ट्रस्टने रंगवलेली पाटी होती, आणि टेम्पोतल्या सगळ्यांना वाचता येत होतं.

टेम्पोतून उतरून ते पाटीखाली उभे राहिले. आबांचे चुलतभाऊ भाईदास सगळ्यांत वडील. त्यांनी पाटी वाचली, लीलाधरकडे पाहिलं आणि तंबाखू काढली. चेअरमनला ते तंबाखू काढणं चांगलंच समजलं. उद्या सकाळपर्यंत हे सगळ्या गावात जाणार होतं.

लीलाधर आत गेला, त्याने बापाच्या अंगावरची चादर काढली आणि त्याला देव पावला. आबांच्या मानेवर, खांद्यावर, छातीवर आणि दोन्ही तळहातांवर काळे-तपकिरी डाग होते. लीलाधरने तिथेच बसकण मारली आणि हंबरडा फोडला, "मना बापनी नरडी दाबी रे." बाप टाकून दिला तर गाव तोंडावर थुंकतं. बापाचा खून झाला तर तेच गाव गळ्यात पडून रडतं. हा हिशेब माणसाच्या डोक्यात केवढ्या लवकर जुळतो ते मला त्या दिवशी कळलं.

आबांचं शेवटचं सगळं कुंदाबाईच्या हातात होतं, त्यामुळे नरडी दाबणारं माणूसही शोधावं लागलं नाही. तोतारामला बोलावणं गेलं, तोतारामने टपरीवर आणि माडीवर बोलावणं धाडलं, आणि आम्ही दोघं गेलो. कुंदाबाई भिंतीला टेकून उभी होती. टेम्पोतले दोघं-तिघं तिच्यापुढे असे उभे राहिले होते की तिला हलता येऊ नये. पदराचा बोळा तिने तोंडात धरला होता. ती रडत नव्हती. तिला रडायचीही भीती वाटत असावी, कारण रडली असती तर नाटक करते म्हणाले असते आणि नाही रडली तर दगड आहे म्हणत होतेच.

भिकनने सवयीप्रमाणे अंगणात निंबाचं झाड शोधलं. झाड होतं. पण लीलाधर बाहेर आला आणि म्हणाला, "पंच आत या. नीट दखा. मना बापना न्याय व्हवाले पाहिजे."

"मी अठूनच दखस," भिकन म्हणाला.

"तशे नही चालाव. जवळ या."

दहा माणसांसमोर पंच नाही म्हणू शकत नव्हता. मी त्याला कोपराला धरून आत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा भिकन एका मेलेल्या माणसाजवळ जाऊन उभा राहिला. आधी त्याने डोळे मिटून घेतले. मग एक उघडला. मग दोन्ही. रुमाल नाकावरून खाली आला. तो वाकला, आबांचा हात उचलून त्याने तळवा उजेडाकडे केला, मानेवरच्या डागावरून बोट फिरवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली.

"हाई मार नही," तो म्हणाला. "हाऊ केळीना चीक शे."

ज्यांनी केळी फक्त फळवाल्याकडे पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगतो. केळीचं पान तोडा, बुडातलं पील, म्हणजे कोंब, कापा, की चीक निघतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कळतही नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा. कपड्यावरचा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही आणि अंगावरचा बरेच दिवस घासावा लागतो. खांद्यावरून घड आणि पानं वाहणाऱ्याच्या मानेवर तो हमखास असतो. आमच्या जिल्ह्यात निम्म्या माणसांच्या सदऱ्यांवर तो आहे. बायका त्या डागांकडे बघून आपला सदरा कोणता ते ओळखतात. लीलाधर लहानाचा मोठा झाला तो ह्या डागांच्या कडेवर बसून.

लीलाधर म्हणाला, "तू डाक्टर शे का?"

भिकनने मागे वळून टेम्पोतल्या माणसांकडे पाहिलं. भाईदास अगदी पुढे होते आणि त्यांच्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत तोच डाग होता. "भाऊ," भिकन म्हणाला, "तुमनी बाहीवर हाई काय शे?"

भाईदासांनी बाहीकडे पाहिलं. मग लीलाधरकडे पाहिलं. लीलाधर चेअरमन होता, गाडी कोणाच्या बागेला आधी लावायची ते तो ठरवत असे, आणि कापलेली केळी कोणासाठी थांबत नाही.

"चहा सांडना व्हता," भाईदास म्हणाले.

भिकनने शेजारच्याला विचारलं. त्याच्या छातीवर गाडीचं आइल उडालं होतं. त्याच्या पलीकडचा म्हणाला की हा डाग कापड घेतलं तेव्हापासूनचाच आहे. चौथा कापणीवाला होता, त्याची तर मानही डागाळलेली होती. त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी गळ्याभोवती उपरणं गुंडाळून घेतलं, मे महिन्यात. दहाच्या दहा माणसं केळीत जन्मलेली, आणि चीक एकालाही ओळखू येईना.

इथे भिकनला राग आला. तो काही सत्यासाठी पेटून उठला वगैरे नाही. मी त्याला चांगला ओळखतो. त्याला लागलं ते वेगळं. वीस वर्षं त्याने न पाहिलेल्या गोष्टींवर सरकारने, कोर्टाने आणि गावाने डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आज पहिल्यांदा त्याने खरोखर पाहिलं, तर कोणी मानायला तयार नव्हतं. त्याचं नाक लाल झालं.

"तोताराम, लिख," तो म्हणाला. "चीक शे."

तोतारामला जेवायला घरी जायचं होतं आणि चेअरमनशी वाकडं घ्यायचं नव्हतं. "भिकन," तो समजुतीने म्हणाला, "गळ्यावर संशयास्पद काळे व्रण, असं लिहिलंय मी. त्या बाईला चौकीवर नेतो, पुढचं वरचे साहेब बघतील. तू दरवेळेसारखी सही कर की."

"दरखेपले मी दखसच नही," भिकन ओरडला. "आज दखं."

तोतारामचा पेन हातात तसाच राहिला. वीस वर्षांचे पंचनामे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असतील. भिकनलाही आपण काय बोललो ते उशिरा उमजलं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं, म्हणून तो छाती काढून उभा राहिला. मी म्हणालो की माझंही मत चीकच आहे आणि मीही व्रणावर सही करणार नाही. ते कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

मग भिंतीकडून आवाज आला. कुंदाबाईने पदर तोंडातून काढला होता.

"चीकच शे तो. आबा रोज दुपारले केळीमा जायेत. कुलूप मीच उघाडू."

तिने सगळं सांगितलं. दुपारी आबा दाराला धडका द्यायचे, कापनारे आले म्हणायचे, डोकं आपटायचे. पंडितरावाने डॉक्टरला सांगून झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या. गोळ्या घेतल्या की ते लाळ गाळत पडून राहत. कुंदाबाईने गोळ्या बंद केल्या आणि कुलूप उघडलं. केळीत गेले की आबा शहाणे होत. बोथट विळ्याने पिलं काढत, वाळली पानं ओढत, खांद्यावर टाकून बांधाला नेऊन ठेवत, आणि परत येऊन मुकाट्याने जेवत. त्या दिवशीही गेले होते आणि तिथेच बसल्या जागी संपले. तिने त्यांना उचलून आणलं, अंग पुसलं आणि खाटेवर झोपवलं, कारण कुलपाचं कळलं असतं तर नोकरी गेली असती.

तोतारामने मागचं आवार पाहिलं. पानांचा ढीग बांधाला होता, विळा होता, ताजी कापलेली पिलं होती. सारवासारव करून त्याने "काळपट डाग, चिकासारखे" असं लिहिलं. प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात गेलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, हृदय बंद पडलं, नैसर्गिक मृत्यू, गळ्याला काही झालेलं नाही. कुंदाबाईला अटक झाली नाही.

नोकरी मात्र त्याच संध्याकाळी गेली. पंडितरावाने म्हटलं, संस्थेची शिस्त आहे. एका म्हाताऱ्याला शेवटचे काही महिने माणसासारखे जगू दिल्याबद्दल संस्थेला एवढं करणं भाग होतं.

बाकीच्यांचं व्यवस्थित झालं. लीलाधरने आपल्या गावात सांगितलं की प्रकरण वरून दाबलं. दहा साक्षीदार सोबत होते, त्यांनी माना हलवल्या, आणि वृद्धाश्रमाच्या पाटीचा विषय मागे पडला. त्याने बापाची गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटल्यावरचं जेवण, दणक्यात घातली. पत्रिका छापल्या, त्यावर आबांचा फेटा बांधलेला तरुणपणीचा फोटो, खाली "शोकाकुल" म्हणून नावांची रांग. एक पत्रिका वृद्धाश्रमालाही आली, बहुतेक चुकून. तोतारामने पंच बदलला. आता पिठाच्या गिरणीवाल्याला बोलावणं जाऊ लागलं, त्याला पिठामुळे लांबचं दिसत नसे. भिकनला लग्नात पुढच्या सतरंजीवर कोणी बसवेना. "पंचासमोर" म्हणायला त्याने तोंड उघडलं की पोरं म्हणत, "दखं का?"

कुंदाबाईचं नाव मात्र सुटलं नाही. दवाखान्याचा कागद तालुक्याला राहिला, नरडी दाबल्याची बोंब आमच्या गावात राहिली. किराणावाला तिला पुडी हातात न देता फळीवर ठेवू लागला. दुसरीकडे भांडी-धुणं मागायला गेली तर लोक घरातल्या म्हाताऱ्याकडे बघत आणि नको म्हणत. ती खोलीचं दार लावून बसे.

गंधमुक्तीच्या आदल्या सकाळी भिकनने टपरी उघडली नाही. धुतलेली टोपी घालून तो जिन्याखाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "चला, दारवर जाऊ."

आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरी दारावर जातात. जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, आणि विचारायचं की कसं झालं. घरचं माणूस सुरुवातीपासून सगळं सांगतं. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. सांगून सांगून ते गेलेलं माणूस घराच्या अंगावरून हळूहळू उतरतं. मला वाटलं, भिकन चोपड्याला निघाला, चेअरमनशी जुळवून घ्यायला. मनातल्या मनात मी त्याला दोन शिव्या दिल्या. पण तो स्टँडकडे वळला नाही. बाजारपेठेतून, सगळ्या दुकानांसमोरून, तो सरळ कुंदाबाईच्या गल्लीत गेला आणि तिच्या बंद दारासमोर, भर रस्त्यावर मांडी घालून बसला. मीही बसलो.

दार किलकिलं झालं. कुंदाबाईने पाहिलं, आणि आधी तिला काही समजेना.

"भाऊ, चुकनात का तुम्ही? आबाना पोऱ्याकडे जावानं ना दारवर. मना कोण लागेत ते?"

"तठे जाईसन कोणले इचारू?" भिकन म्हणाला. "तठे कोणी व्हतं का? तू व्हती."

ती उंबऱ्यावर बसली. गल्लीत लोक थांबले होते. किराणावाला फळी सोडून दाराशी आला होता. दारावर बसलेल्या माणसांसमोरून पायात चपला घालून निघून जायचं नसतं, एवढी रीत सगळ्यांना ठाऊक होती. दोघं-तिघं चुळबुळत चपला काढून खाली बसले.

भिकनने तिच्याकडे पाहिलं आणि विचारायचं ते विचारलं, "कसं व्हयनं मग?"

तिला हे पोलिसांनी विचारलं होतं, पंडितरावाने विचारलं होतं, लीलाधरने तर ओरडून विचारलं होतं. पण ज्याचं माणूस गेलं त्याला विचारतात तसं कोणी विचारलं नव्हतं. तिने तोंडावर पदर घेतला आणि मोठ्याने रडली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आम्ही थांबलो. मग तिने डोळे पुसले.

"जेवन चांगलं करं त्यासनी," ती म्हणाली. "मंग केळीमा गयात. काम करं. सावलीमा बठात नि माले इचारं, कापनारा वनात का. मी म्हनं, वनात आबा. ते म्हनात, उनमाईन वनात, पहिले पानी पाजा त्यासले. मी तांब्या लेवाले गऊ. वापस वनू तं मान खाले व्हती."

भिकनने टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारची तानुबाई रडणं ऐकून हातातलं काम टाकून आली, कुंदाबाईजवळ बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, कसं झालं. कुंदाबाईने पुन्हा जेवणापासून सांगायला सुरुवात केली.